आखाजीचा दोर

आमच्या घरात लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी आहे. माझ्या सासऱ्यांची. पुढून उघडली तर शेताचा हिशेब: कापसाची वेचणी, सालदाराचं साल, संत्र्याच्या बागेची बोली. मागून उघडली तर दर वर्षाची एक ओळ, तेवढीच. 'आखाजी. दोर १७ हात.' तिच्याखाली पुढच्या वर्षाची. पहिली ओळ १९५८ ची आहे आणि सासऱ्यांच्या हातची शेवटची २००३ ची. वरूडच्या पाण्याचं काय झालं असं कुणी विचारलं, की मी ही चोपडी मागल्या बाजूने उघडून पुढे ठेवते.

मी या घरात आले १९७१ च्या फेब्रुवारीत. अमरावतीला नळाच्या पाण्यावर वाढलेली, बी.एस्सी. झालेली मुलगी. पुढे इथल्याच एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण पाण्याचं विज्ञान मी शिकले ते सासूबाईंकडून. त्यांना घरात सगळे 'बाई' म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. घर जुन्या वस्तीतलं, चुडामणी नदीच्या अंगाचं. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे अंगण आणि अंगणात आड. विहीर नव्हे. विहिरीला पायऱ्या असतात, मोटेची धाव असते. आड म्हणजे अंगणात सरळ खाली गेलेला, दगडाने बांधलेला गोल खड्डा, वर लाकडी चाक आणि चाकावर दोर. आमचा आड तीस हात खोल होता. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरायची, घरात नवा माठ आणायचा, सालदाराचं साल ठरवायचं. आमच्या घरी आणखी एक काम असे: आडाचा दोर बदलायचा. वर्षभर भिजून-वाळून जुना झिजलेला असायचा, आणि वैशाखात पाणी वर्षातलं सगळ्यांत खाली गेलेलं असायचं. तेव्हा दोर कापला की तो वर्षभर पुरायचा.

माझ्या पहिल्या आखाजीचं मला लख्ख आठवतं. अंबाडीचा नवा दोर रात्रभर टोपल्यात भिजत घातलेला. सकाळी त्याला ओल्या गवतासारखा वास येत होता. बाईंनी पोहरा बांधून दोर आडात सोडला, पोहरा पाण्याला टेकल्याचा आवाज आला तशी चाकाशी दोरावर चिमूट धरली आणि वर ओढून घेतला. मग ओसरीवर मांडी घालून त्या दोर मोजायला बसल्या. उजव्या हाताचं कोपर दोराच्या टोकाशी, बोटं सरळ, डाव्या हाताने दोर ताणलेला. एक, दोन, तीन. तळहाताला घट्टे पडलेले, त्यांच्यावरून दोर सरकताना खरखर वाजत होता. सतराव्या हाताला चिमूट आली. त्यांनी मोठ्याने आकडा सांगितला, सासऱ्यांनी तो चोपडीत लिहिला, मग वर चार हात सोडून दोर कापला.

मी विचारलं, "बाई, हे कशाला लिहून ठेवता?"

त्या म्हणाल्या, "काहून म्हंजे? आडाचं पोट कितीक खोल गेलं ते माईत नोको का? त्याच्यावरूनच त घरात पानी वापराचं."

आकडा वाढला, की त्या वर्षी घराची रीत बदलायची. १९७३ च्या ओळीत २३ हात आहेत. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने मराठवाड्याचे झाले तसे हाल आमचे झाले नाहीत, तरी एका वर्षात पाच-सहा हात पाणी खाली जाणं म्हणजे घरातल्या बायांना रोज चाळीस वेळा आठ-नऊ फूट जास्त ओढणं. त्या उन्हाळ्यात धुणं सगळं नदीच्या डोहावर गेलं आणि घरी दोघा-दोघांना मिळून एक गुंड आंघोळीला, असं बाईंनी ठरवून टाकलं. कुणी कुरकुरलं नाही, कारण ओढणारे हात समोर दिसत होते.

एरवी दिवसाला चाळीस गुंड पाणी लागे. घरात अकरा माणसं, दोन बैल, एक गाय. पितळेचा गुंड पंधरा लिटरचा धरा, म्हणजे सहाशे लिटर. आणि यातलं बरंचसं पाणी एकदा वापरून संपत नसे. तांदळाचं धुवण गायीला. भाजी धुतलेलं पाणी अळूच्या वाफ्यात. न्हाणीतलं पाणी दगडी पन्हाळीतून केळीच्या आळ्यात, तिथून पुढे लिंबाच्या. भांडी राखेने आणि चोथ्याने कोरडीच घासायची, चांगली लख्ख झाली की मग एका घमेल्यात बुडवून काढायची, दुसऱ्यात खळखळायची. उद्या पहिल्या घमेल्यात तेच दुसरं पाणी. पाहुण्याला पाय धुवायला गडवाभर पाणी मिळे आणि तेही पाय तुळशीच्या अंगाला धरून धुवायचे, म्हणजे ओघळ वृंदावनाच्या मुळाशी जाई. मी सून म्हणून आले तेव्हा हे सगळं मला गरिबीचं लक्षण वाटलं होतं. घर गरीब नव्हतं. चाळीस एकरांचं होतं.

पाण्याइतकीच काटकसर जळणाची. वऱ्हाडात जळण म्हणजे पऱ्हाटी. कापूस उलंगला, की फेब्रुवारी-मार्चमध्ये काड्या उपटून गाडीने घरी येत आणि परसात त्यांचा उंच गंज लागे. वर्षाचं जळण ते. त्याच्या जोडीला तुराट्या आणि गवऱ्या. पऱ्हाटी भरभर पेटते, भरभर विझते, म्हणून चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सतत काडी पुढे सारावी लागे. बाई एकेक काडी मोडून घालत. चुलीला जोडून वैल होती, तिच्यावर डाळ शिजे, आणि स्वयंपाक उरकला की निखाऱ्यावर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं चढे. हिवाळ्यात सकाळी तांब्याचे दोन गुंड भरून त्या उन्हात ठेवत आणि दुपारनंतर लेकरांच्या आंघोळी त्याच पाण्यात होत. मला वाटे, रीत आहे. पुढे आठवीच्या वर्गाला कार्य आणि ऊर्जा शिकवताना एकदा फळ्यावर घरचंच गणित मांडलं आणि मी थबकले.

सहाशे लिटर पाणी चोवीस हातांवरून, म्हणजे अकरा मीटरवरून वर काढायला जी ऊर्जा लागते ती विजेच्या हिशेबात ०.०१८ युनिट भरते. आजचा नऊ वॅटचा एलईडी दिवा दोन तास जळतो, तेवढी. आणि पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांनी गरम करायला लागतं सुमारे ०.३५ युनिट. म्हणजे घरातल्या बायांनी दिवसभर घाम गाळून जे सगळं पाणी उपसलं, त्याच्या एकोणीसपट ऊर्जा एक बादली तापवण्यात जाते. त्यातून साधी चूल उष्णता वाया घालवणारी, धग जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागते. एका बादलीला पाऊण-एक किलो पऱ्हाटी. बाईंना युनिट ठाऊक नव्हतं, पण परसातला गंज किती भराभर उतरतो ते रोज दिसत होतं. म्हणून थंड पाण्याला त्या एकदा टोकत आणि गरम पाण्याला तीनदा. उन्हात ठेवलेल्या त्या दोन गुंडांनी रोज दीड-दोन किलो जळण वाचत होतं. वर्ग सुटल्यावर मी घरी आले आणि हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग, सांगत नोती का मी?"

आमच्या भागात घरातल्या जळणाचा असा विचार करणारी मोठी माणसंही होऊन गेली. पलीकडे वर्ध्याला १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा तिथे मगनवाडीत बसून घराच्या चुलीचा आणि दिव्याचा विचार करत होते. घासलेट बाहेरून विकत आणावं लागतं, तर गावातल्या अखाद्य तेलावर जळेल असा 'मगनदीप' त्यांनी तयार करवला. आमच्या घरी मात्र ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. त्याची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची. काच स्वच्छ असली की वात खाली ठेवून चालतं, घासलेट कमी जळतं. हे काम माझ्याकडे होतं.

आता शेताकडे वळते, कारण घरातल्या आडाचं पाणी शेतातच गेलं.

संत्रं नागपूरकर भोसल्यांच्या बागेतून या पट्ट्यात पसरलं. वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतली जंबेरीवर बांधलेली कलमं सगळीकडे जातात. वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत आहे, आणि बाग फुलली असताना रात्री गावात जो वास भरतो तो ज्याने घेतला असेल, त्याला या नावाचं काही वाटणार नाही. सासऱ्यांची पहिली बाग मोटेवर होती. कातड्याची मोट, वरचा जाड नाडा, सोंडेचा बारीक सोंदूर, धावेवरून मागे सरत येणारे आणि मग उताराला लागणारे बैल. एका मोटेला दीडशे-दोनशे लिटर पाणी. बैल थकले की मोट थांबे. बाग त्यामुळे बैलांच्या दमाएवढीच असायची, दोन-तीनशे झाडं. साठीच्या दशकात इंजिन आलं, मग वीज आली, आणि १९६८ साली आमच्या शेतातली धाव मोडून तिचे दगड पंपाच्या खोलीला लावले.

वीज आल्याने अनेकांची घरं सावरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपाचं बिल मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारायला लागले. पाच एचपीचा पंप तासभर चालवा की रात्रभर, बिल तेच. माझ्या मते वरूडच्या पाण्याची कथा तिथे वळली. बैलाचा दम, इंजिनातलं डिझेल, आडाचा दोर, यांपैकी प्रत्येक गोष्ट पाण्याची किंमत रोज सांगत होती. ती सांगणारं शेतात काही उरलं नाही.

संत्र्याचं झाड पाण्याबाबत फार शहाणं आहे. त्याला ताण दिल्याशिवाय ते फुलत नाही. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, काही गळू द्यायची, मग पाणी द्यायचं की फूल निघतं. मृग बहाराला उन्हाळ्यात ताण देतात आणि जूनच्या पावसावर तो फुटतो. आंबिया बहाराचा ताण हिवाळ्यात, फूल जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ पोसायचं ते ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. मोटेच्या काळात मृगावर भर होता. मोटारी आल्या तसा आंबिया वाढला, म्हणजे जमिनीत पाणी सर्वांत कमी असतं त्याच महिन्यांत उपसा सर्वांत जास्त. आमच्या खालचा खडक काळा पाषाण. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. विहिरी आटल्या तसे लोक बोअरकडे वळले. दोनशे फूट, चारशे, आठशे, हजार. १९९३ साली राज्याने कायदा केला की पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायची नाही. पुढे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कागदांवर वरूड 'अतिशोषित' झालं. गावात सगळे त्याला डार्क झोन म्हणतात, आणि बोअरची गाडी मात्र रात्रीची येते.

आमच्याकडे तीन बोअर कोरडे गेले. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली होती. तिसऱ्या वेळी रात्रभर यंत्राची घरघर चालू होती, सकाळी बांधावर पिठासारखा करडा भुगा पडला होता आणि सासरे त्या ढिगापाशी बसून होते. त्यांनी तो भुगा मुठीत घेऊन दाबून पाहिला. ओल नव्हती. त्या वर्षी दीडशे झाडं वाळली. ती तोडून आली आणि पऱ्हाटीच्या जागी परसात संत्र्याच्या लाकडाचा गंज लागला. बाईंनी ते लाकूड चुलीत घालायला नकार दिला. शेवटी एका सालदाराला देऊन टाकलं.

घरातही तेच झालं, लहान मापाने. १९७८ साली आडावर अर्ध्या एचपीची मोटार बसली, गच्चीवर सिमेंटची टाकी आली. त्या दिवशी मी पेढे वाटले, आणि ते मी आजही वाटीन, कारण बाईंचे हात मी पाहिले होते. पण त्या उन्हाळ्यात चाळीस गुंडांचे किती झाले ते कुणालाच सांगता आलं नाही. मोजायचं कशाने? टाकी भरून वाहायला लागली, की शेजारची मुलगी हाक मारी. पन्हाळीचं पाणी नालीला जोडलं गेलं आणि केळ वाळली. त्यात कूलर आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पूर्वी वाळ्याच्या ताट्यांवर दुपारी दोनदा पाणी शिंपडत आणि रात्री अंगणात बाजा टाकून झोपत. लोखंडी कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो, वर पंख्याची वीज वेगळी. कूलर नको असं मी म्हणणार नाही. त्या उन्हात म्हाताऱ्या माणसाचा जीव त्याच्यामुळे वाचतो. पण तो रिकाम्या खोलीत चालू दिसला, की माझा हात आपोआप बटणाकडे जातो.

दोर मात्र बाई दर आखाजीला मोजतच राहिल्या. मोटार होती तरी. वीज जाते, म्हणायच्या. १९८६ च्या ओळीत २४ हात. १९९१ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुराने पलीकडचं मोवाड एका रात्रीत उद्ध्वस्त केलं, दोनशेच्या वर माणसं गेली. त्या पावसात आमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. पुढल्या आखाजीची ओळ वाचा: २६ हात. एवढं पाणी आलं आणि आल्या पावली गेलं, जमिनीत उतरलंच नाही. १९९९ ला २८. आणि २००३ ला सासऱ्यांच्या थरथरत्या अक्षरात: 'आड कोरडा. दोर आणला नाही.'

त्यानंतर घरचं पाणी आठशे फुटांच्या बोअरवर. मी पुन्हा गणित केलं. हजार लिटरची टाकी जुन्या आडातून, तीस फुटांवरून भरायला पंपातली तूट धरून जेमतेम ०.०६ युनिट लागलं असतं. आठशे फुटांवरून १.६ युनिटच्या वर. नळ टपकतो तेव्हा पाणी आणि वीज अशा दोन वस्तू वाया जातात असं आपण म्हणतो. वरूडमध्ये ती एकच वस्तू आहे. आणि भारनियमनाच्या वर्षांत शेताची वीज रात्री यायची, तर लोक पंपाला ऑटो स्विच लावून घरी झोपत. वीज आली की पंप आपसूक सुरू, बाग भिजो की वाहो. आता २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं बिल उतरलं याचा मला आनंदच आहे. पण पाण्याला काही किंमत आहे एवढं तरी सांगणारा शेवटचा कागदही गेला.

२०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. राज्यातले तीनच तालुके घेतले होते: कोरेगाव, अंबाजोगाई आणि आमचं वरूड. मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनी एप्रिलच्या पहाटे टिकाव-घमेली घेऊन समतल चर खणायला जात होत्या, त्यांच्याबरोबर मी गेले. पहिला क्रमांक कोरेगावच्या वेळूला मिळाला. मला त्या दीड महिन्यात मिळाली ती एक साधी समज: चराचं काम डोंगरावर करता येतं, तर माझ्या छपरावरही करता येईल. आमचं छप्पर हजार-अकराशे चौरस फूट, म्हणजे शंभर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आठशे मिलिमीटर पाऊस झाला तर ऐंशी हजार लिटर. बाईंच्या चाळीस गुंडांच्या मापाने चार महिन्यांचं पाणी, आजवर नालीत जात होतं.

त्याच जूनमध्ये छपराची पन्हाळ आडाकडे वळवली. मधे चार फुटी खड्डा: तळाला मोठे दगड, वर गिट्टी, वर जाड वाळू. पहिला पाऊस बाहेर सोडायचा, छप्पर धुऊन निघालं की मग नळी खड्ड्यात घालायची. न्हाणीचं पाणी पुन्हा आळ्यात सोडलं आणि केळ लावली. बोअरच्या मोटारीला स्वतंत्र मीटर बसवून घेतला, तो स्वयंपाकघराच्या दाराशी, येता-जाता दिसेल असा. सुनेने पहिल्या महिन्यात आकडा वाचला आणि स्वतःच टाकीला घंटी लावून घेतली.

आड लगेच भरला नाही. २०१७ ला तळाशी नुसती ओल होती. २०१९ च्या उन्हाळ्यात तालुक्यात बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा तीही गेली. एकट्या घराच्या छपराने आडाचं पोट भरत नाही, कारण खाली सगळ्या गावाचं पाणी एकच असतं. पण आमच्या गल्लीत आणखी सहा घरांनी पन्हाळी वळवल्या, आणि पुढले तीन पावसाळे चांगले गेले.

२०२२ च्या आखाजीला मी बाजारातून दोर आणला. अंबाडीचा मिळाला नाही, नायलॉनचा आणला. पोहरा सोडला. आवाज आला. बारा वर्षांची नात शेजारी उभी होती, तिने माझ्या आधी चिमूट धरली. ओसरीवर बसून तिने आपल्या हाताने दोर मोजला आणि म्हणाली, "आजी, बत्तीस." तिचा हात लहान. मी माझ्या हाताने मोजला तर सत्तावीस. तिने चोपडी मागल्या बाजूने उघडली, सासऱ्यांच्या अक्षराखाली एक ओळ सोडली आणि विचारलं, कोणता लिहू?

दोन्ही लिहायला सांगितले.